वारूळ, घरटे आणि घर : आंबोलीच्या पावसातील वास्तुविचार

सावंतवाडीहून बेळगावकडे जाणाऱ्या मार्गावर, सह्याद्रीच्या माथ्याशी सुमारे ६९० मीटर उंचीवर वसलेले आंबोली हे महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक होय. येथे वर्षाकाठी सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. आठवडेच्या आठवडे धुके उतरलेले असते, भिंतींना ओल धरते आणि वारा पावसाला आडवा करून घरात आणतो. अशा ठिकाणी निवारा कसा उभारावा, हा प्रश्न माणसापुढे जसा आहे तसाच तो मुंगी, वाळवी, मधमाशी, पक्षी आणि बेडूक यांच्यापुढेही आहे. पाऊस एकच, माती एकच, वारा एकच. बांधणारे मात्र निरनिराळे. म्हणूनच प्राण्यांची बांधकामे आणि मानवी वास्तुरचना यांचा संबंध अभ्यासण्यास सिंधुदुर्ग जिल्ह्याचा हा भाग विशेष सोयीचा आहे.

हा संबंध सांगताना वारुळासारखी इमारत किंवा मोहोळासारखी जाळी अशी साम्यस्थळे दाखविण्याचा प्रघात आहे. परंतु केवळ आकार उचलल्याने फारसे साधत नाही. त्या आकारामागे पाणी, वारा, उष्मा आणि माती यांचा जो हिशेब असतो तो समजून घेतला, तरच शाळेची इमारत, ग्रामपंचायतीचे कार्यालय किंवा साधे राहते घर बांधताना त्याचा उपयोग होतो.

छपराचे शास्त्र

पावसाळी प्रदेशातील बांधकामाची पहिली कसोटी छपराची. सह्याद्रीच्या जंगलात क्रिमॅटोगॅस्टर या वर्गातील काळसर मुंग्या झाडांच्या फांद्यांवर घरटी बांधतात. चावून मऊ केलेल्या वनस्पतितंतूंच्या लगद्यापासून त्या पातळ, कागदासारखे पापुद्रे तयार करतात व ते एकावर एक, खालच्या बाजूस उतरते असे रचतात. या रचनेमुळेच त्यांना पॅगोडा मुंग्या असे नाव मिळाले. वरच्या पापुद्र्यावरून ओघळलेले पाणी खालच्या पापुद्र्याच्या पाठीवर पडते आणि आत न शिरता निथळून जाते. तांबूस रंगाचा एक सुतार पक्षी याच घरट्यात भोक पाडून आपली अंडी घालतो. म्हणजे एकाने बांधलेल्या छपराचा आश्रय दुसराही घेतो.

कोकणातील कौलारू छप्पर याच तत्त्वावर चालते. प्रत्येक कौलाची कड खालच्या कौलावर चढलेली असते, उतार पुरेसा असतो आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. पूर्वी येथे गवताची, झावळ्यांची व कुंभाराने घडविलेल्या नळीच्या कौलांची छपरे असत. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर यंत्रावर दाबलेली, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. सामग्री बदलली, पण पाण्याला कोठेही थांबू न देता खाली उतरवायचे हा नियम बदलला नाही.

मलबारी उडत्या बेडकाचे घरटे हे ओलाव्याच्या नियोजनाचे निराळे उदाहरण आहे. पावसाळ्याच्या आरंभी आंबोलीच्या परिसरात डबक्यांवर आणि पाणवठ्यांवर झुकलेल्या फांद्यांना पांढऱ्या फेसाचे गोळे लटकलेले दिसतात. अंडी घालताना मादी आपल्या शरीरातील द्रव मागच्या पायांनी घुसळून हा फेस तयार करते व बऱ्याचदा भोवतालची पाने त्याला लपेटली जातात. फेसाचा बाहेरचा थर सुकून घट्ट होतो. आतला भाग ओलसर राहतो. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले काही दिवसांनी, घरटे पावसाने सैल झाल्यावर, नेमकी खालच्या पाण्यात पडतात. बाहेर कोरडे कवच आणि आत हवेने भरलेला थर ही रचना उष्णतारोधनाच्या आधुनिक सामग्रीतही आढळते. फरक एवढाच की, हे घरटे जेवढे दिवस हवे तेवढेच दिवस टिकते आणि मागे कचरा राहत नाही.

सांधणारे द्रव्य

कोणत्याही बांधकामात दगड किंवा माती जितकी महत्त्वाची, तितकेच त्यांना सांधणारे द्रव्य महत्त्वाचे. प्राणी हे द्रव्य बहुधा आपल्या शरीरातूनच पुरवितात. आंबा, फणस व काजूच्या झाडांवर राहणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्यांना कोकणात ओंबील म्हणतात, पाने एकमेकांजवळ ओढून धरतात आणि आपल्या अळ्यांच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमी धाग्याने ती शिवतात. वेंगुर्ल्यासमोरील समुद्रातल्या खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्यांची एक जात जवळजवळ निव्वळ लाळेची घरटी कातळाला चिकटविते. मधमाशी मेण स्रवते. वाळवी मातीच्या कणांत आपला स्राव मिसळते.

वाळवीच्या या कामाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाला आहे. दक्षिण भारतात सर्वत्र आढळणारी ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वाळवी मातीचे लहान व मोठे अशा दोन आकारांचे गोळे बनविते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. मोठ्या गोळ्यांमधील फटी लहान गोळ्यांनी भरल्या जातात आणि रचना घट्ट बसते. काँक्रीटमध्ये खडी व वाळू यांचे प्रमाण ठरविताना अभियंते हेच साधतात. त्याच संस्थेच्या आणखी एका अभ्यासानुसार, वाळवीच्या स्रावामुळे मातीची ताकद सुमारे दहापट वाढते. साधा मातीचा ढिगारा एका पावसाळ्यात वाहून जातो, तर वारूळ वर्षानुवर्षे उभे राहते, याचे कारण या सांधणीत आहे.

मानवी परंपरेतही अशीच शोधाशोध झालेली दिसते. चुन्याच्या गाऱ्यात गूळ घालणे, मातीत भाताचे तूस किंवा चिरलेले गवत मळणे, जमीन शेणाने सारवणे, हे सारे मातीला धरून ठेवण्याचेच उपाय होत. खेड्यापाड्यांतून वारुळाची माती जमीन चोपण्यासाठी व भिंतीच्या गिलाव्यासाठी मुद्दाम आणली जाई. वाळवीने बारीक करून सांधलेली माती चिवट असते, हे अनुभवाने ठाऊक होते. भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये ग्रामीण भागासाठी उपयुक्त तंत्रज्ञानाचे ‘अस्त्र’ हे केंद्र स्थापन झाले. स्थानिक मातीत अल्प सिमेंट मिसळून हातयंत्रात दाबलेल्या विटांचा तेथे झालेला विकास हा त्याच विचाराचा आधुनिक टप्पा म्हणता येईल.

सिंधुदुर्गाला तर निसर्गाने सामग्री हाताशीच दिली आहे. जांभा दगड खाणीत ओला असताना कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापता येतो आणि हवेत राहिल्यावर कठीण होत जातो. त्याचे चिरे हेच येथील जोत्याचे, भिंतींचे, विहिरींचे आणि गडग्यांचे साहित्य. जवळची सामग्री, तिच्या स्वभावाप्रमाणे वापर आणि कमी वाहतूक हे सूत्र प्राण्यांच्या बांधकामांत सहजच असते. पूर्वीच्या गवंड्यांनी ते जाणीवपूर्वक पाळले.

वारुळातील हवा

वारूळ म्हणजे केवळ मातीचा उंचवटा नाही. त्याच्या तळाशी वाळवीची वसाहत असते आणि तेथे ती एक प्रकारच्या बुरशीची बाग जोपासते. पावसाच्या आरंभी वारुळाभोवती उगवणारी अळंबी ही त्याच बुरशीची फळे होत. लाखो कीटकांच्या व बुरशीच्या श्वसनामुळे आत सतत कार्बन डायऑक्साइड साठतो. तो बाहेर गेला नाही तर वसाहत गुदमरेल. गंमत अशी की, या जातीच्या वारुळाला बाहेरून मोठी भोके दिसत नाहीत. मग हवा खेळते कशी?

स्विस शास्त्रज्ञ मार्टिन लूशर यांनी १९६१ मध्ये आफ्रिकेतील वारुळांच्या आधारे असे मत मांडले की, वसाहतीत निर्माण होणारी उष्णता हवा वर ढकलते व ती कडेच्या पोकळ्यांतून खाली येते. या कल्पनेचा वास्तुशास्त्रावर मोठा प्रभाव पडला. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे १९९६ मध्ये पूर्ण झालेले ईस्टगेट सेंटर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. वास्तुशास्त्रज्ञ मिक पीअर्स यांनी वारुळापासून प्रेरणा घेऊन आखलेल्या या इमारतीत नेहमीची वातानुकूलन यंत्रणा नाही. रात्रीची थंड हवा जाड काँक्रीटमध्ये गारवा साठविते व दिवसा तो खोल्यांना मिळतो. तापलेली हवा उंच धुरांड्यांतून बाहेर पडते.

मात्र पुढील संशोधनाने चित्र बदलले. हार्वर्ड विद्यापीठातील एल. महादेवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील ओडोंटोटर्मिसच्या वारुळांत हवेचा प्रवाह प्रत्यक्ष मोजला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारुळाच्या कडेला खांबांसारखे जे उभे उंचवटे असतात, ते दिवसा मधल्या भागापेक्षा लवकर तापतात. त्यामुळे कडेची हवा वर चढते व मधली खाली येते. रात्री कडा लवकर निवतात आणि प्रवाह उलटतो. वायूंची देवघेव भिंतीतील सूक्ष्म छिद्रांतून होते. म्हणजे वारूळ हे जणू दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकावर चालणारे फुप्फुसच होय.

या इतिहासातून बोध असा निघतो की, ज्या समजुतीवर हरारेची इमारत कल्पिली गेली ती अपुरी होती, तरी इमारत चालते. कारण तिची आखणी तेथील हवामानाशी जुळणारी होती. तिथल्या रात्री थंड व कोरड्या असतात. आंबोलीच्या पावसाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसा फरक नसतो व हवा ओलाव्याने जड असते. तेथे हरारेची नक्कल निरुपयोगी ठरेल. तेथे हवे ते समोरासमोरच्या खिडक्यांतून व छपराखालच्या फटींतून सतत हलणारे वारे, ओल बाहेर टाकणाऱ्या भिंती आणि पावसाचा मारा अडविणारी पडवी. जुन्या घरातील माळा, कौलांच्या सांध्यांतून होणारे वायुवीजन आणि चोहोबाजूंची पडवी ही व्यवस्था नेमके हेच काम करीत असे.

देऊळ वारुळाकडे आले

सिंधुदुर्ग व गोव्यात प्राण्याचे बांधकाम आणि माणसाचे बांधकाम एकाच जागी, एकमेकांत गुंतलेले पाहावयास मिळते ते सातेरी देवीच्या देवळांत. अनेक गावांत सातेरी ही ग्रामदेवता असून तिचे मूळ रूप म्हणजे वारूळ. गोव्यात त्याला रोयण असेही म्हणतात. गाभाऱ्यात मातीचे वारूळ असते. त्यावर मुखवटा बसवून, वस्त्र नेसवून पूजा केली जाते. भूमीच्या सुफलतेशी, मातृत्वाशी या उपासनेचा संबंध असल्याचे विवेचन रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे.

वास्तुशास्त्राच्या दृष्टीने यातील विशेष असा की, एरवी देऊळ आधी बांधतात आणि मूर्तीची प्रतिष्ठापना नंतर करतात. वारूळ मात्र हलविता येत नाही. म्हणून येथे देऊळ वारुळाकडे आले. जागा वाळवीने निवडली आणि माणसाने त्या जागेभोवती चिऱ्याच्या भिंती व उतरते छप्पर उभे केले.

या श्रद्धेमागे निरीक्षणही आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात भूजलाच्या शोधाविषयी स्वतंत्र प्रकरण असून, विशिष्ट झाडाजवळचे वारूळ ही पाण्याची खूण मानली आहे. वाळवीला ओलावा लागतो व त्यासाठी ती खोलवर जाते, हे लक्षात घेतल्यास या निरीक्षणाचे मूळ समजते. आजच्या भूजल सर्वेक्षणाला तो पर्याय नव्हे. परंतु पाणी, माती आणि वारूळ यांचे नाते पूर्वजांनी ओळखले होते, एवढे निश्चित.

अलीकडे गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत. गाभाऱ्यात व भोवती गुळगुळीत फरशी, सिमेंटचा चौथरा व रासायनिक वाळवीप्रतिबंध करण्याकडे कल असतो. वारूळ जिवंत राहते ते भोवतालच्या मातीतून मिळणाऱ्या ओलाव्यावर आणि परिसरातील पालापाचोळ्यावर. माती पूर्णपणे झाकली किंवा विषारी केली, तर देवीचे वारूळ निव्वळ मातीची मूर्ती होऊन राहील. जीर्णोद्धार समित्यांनी गाभाऱ्यालगतची जमीन व देवरहाटीची झाडे उघडी, मोकळी ठेवण्याचा विचार अवश्य करावा.

मधमाशीच्या मापाने

याच्या उलट, माणसाने प्राण्यासाठी घर बांधल्याचे उदाहरण मधपेटीत आढळते. कोकणात पेटीत पाळल्या जाणाऱ्या मधमाशीचे नावही सातेरीच. झाडाच्या ढोलीत ती एकमेकांना समांतर पोळी बांधते. पोळ्यांतील षट्कोनी कोठड्यांमुळे कमीत कमी मेणात जास्तीत जास्त जागा मिळते. हे तत्त्व प्राचीन काळापासून ठाऊक असले, तरी समान क्षेत्रफळाच्या भागांसाठी षट्कोनी रचनेलाच सर्वांत कमी कडा लागते, याची संपूर्ण गणिती सिद्धता टॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये दिली.

पूर्वी मध काढताना पोळे कापावे लागे व वसाहत उद्ध्वस्त होई. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये एक साधी गोष्ट हेरली. ठरावीक रुंदीची, सेंटिमीटरहूनही थोडी कमी असलेली फट मधमाश्या ये-जा करण्यासाठी मोकळीच ठेवतात. ती मोठी असली तर तेथे पोळे बांधतात, लहान असली तर चिकट द्रव्याने बुजवितात. या मापाने चौकटी बसविल्या, तर त्या सहज काढता-घालता येतात. भारतीय मधमाशी आकाराने लहान असल्याने तिच्यासाठी फादर न्यूटन यांनी दक्षिण भारतात १९१० च्या सुमारास लहान पेटी तयार केली. माणसाने आपले माप बाजूला ठेवून राहणाऱ्याचे माप स्वीकारले, म्हणून हे घर यशस्वी झाले. सार्वजनिक इमारती आखणाऱ्यांनी हे तत्त्व ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अंगणवाडीची खिडकी मुलाच्या उंचीवर असावी, हीदेखील त्याच जातीची गोष्ट होय.

वाळवी आणि घर

वाळवीचे गुण सांगताना ती दारे-खिडक्या व दप्तरे खाते, ही तक्रार विसरता येत नाही. भारतात वाळवीच्या शेकडो जाती असून इमारतींना उपद्रव करणाऱ्या त्यांपैकी थोड्याच आहेत. वारूळ बांधणाऱ्या जाती वाळलेले गवत, पाने व लाकूड कुजवून जमीन सुपीक ठेवतात. त्यामुळे शेताच्या बांधावरील किंवा रानातील प्रत्येक वारूळ पाडणे हा उपाय ठरत नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आय. एस. ६३१३ या मानकाचा पहिला भागच रसायनांऐवजी बांधकामाच्या रचनेतून करावयाच्या उपायांसंबंधी आहे, ही बाब उल्लेखनीय आहे. इमारतीच्या पायथ्याशी लाकडाचे तुकडे व कचरा पुरू नये, जोते उंच व भेगांविना असावे, पाणी भिंतीलगत साचू देऊ नये आणि लाकडाचा ओल्या मातीशी थेट संबंध टाळावा, या साध्या गोष्टी पाळल्यास वाळवीला घरात येण्याचे कारण उरत नाही.

दुरुस्तीची सवय

वारुळाला भोक पडले तर काही वेळातच कामकरी वाळवी तेथे जमते व मातीचे गोळे लावून ते बुजवू लागते. तेथे कोणी मुकादम नसतो. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये दाखविले की, एकीने ठेवलेला गोळा हाच दुसरीसाठी पुढील कामाचा संकेत ठरतो. वारूळ टिकते ते एकदाच भक्कम बांधले म्हणून नव्हे, तर त्याची डागडुजी कधी थांबत नाही म्हणून.

कोकणातील घरही असेच टिकत असे. मृगापूर्वी घर शाकारणे, कौले चाळणे, फुटकी बदलणे आणि पावसाच्या बाजूच्या भिंतींना झावळ्यांचे झाप बांधणे, ही दरवर्षीची कामे होती. सपाट सिमेंटच्या छताने ही कामे संपतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अतिवृष्टीच्या प्रदेशात सपाट छत गळते, ओल धरते, आणि मग त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे उतरते छप्पर घातले जाते. कोकणात जागोजागी दिसणारी ही दुहेरी छपरे म्हणजे आधी विसरलेल्या नियमाची नंतर चुकती केलेली किंमत होय.

गावपातळीवर काय करता येईल

जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. आंबोलीतील हिरण्यकेशीच्या उगमस्थानाला २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला, तो तेथे नव्याने सापडलेल्या एका लहानशा माशामुळे. एका प्राण्याच्या नोंदीने एका जागेचे भवितव्य कसे बदलू शकते, याचे हे जवळचे उदाहरण आहे. नोंदवहीत प्राण्यांच्या नावांबरोबरच त्यांच्या बांधकामांच्या जागा, म्हणजे मोठी वारुळे, ढोलीची झाडे, आग्या मोहोळांचे कडे, फेसाची घरटी लटकणारे पाणवठे, नमूद केल्यास रस्ता रुंदीकरण किंवा नवी इमारत आखताना त्या वाचविणे सुलभ होईल.

शिक्षकांना पावसाळा ही उत्तम प्रयोगशाळा आहे. विद्यार्थ्यांनी घरट्यांना हात न लावता, दुरून, सामग्री कोणती, पाणी कसे निथळते, दार कोणत्या दिशेला आहे, एवढ्याच गोष्टी लिहून काढाव्यात आणि तेच प्रश्न आपल्या घराला व शाळेला विचारावेत. कोणती भिंत ओली होते, कोणत्या खोलीत वारा येत नाही, पागोळ्यांचे पाणी कोठे जाते, याची उत्तरे वर्गात मिळतील. आणि त्यांतील काही ग्रामपंचायतीच्या दुरुस्तीच्या यादीत समाविष्ट करण्याजोगी असतील.

नव्या शाळाखोलीचा वा कार्यालयाचा आराखडा मंजुरीसाठी येतो तेव्हा पंचायत सदस्यांनी चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे : छपराला उतार आहे काय, पडवी पावसाच्या बाजूस आहे काय, वारा आरपार जातो काय, आणि सामग्री जवळची असून तिची दुरुस्ती गावातील कारागिराला करता येईल काय. आंबोलीच्या रानात या चारही प्रश्नांची उत्तरे दर पावसाळ्यात नव्याने बांधली जातात. गावातील इमारतींनाही ती देता यावीत, एवढीच अपेक्षा.